दिव्यापुढे अंधार

रात्री नवाच्या सुमारास फोंड्याहून पणजीकडे किंवा म्हापशाहून डिचोलीकडे दुचाकीवरून निघालेल्या माणसास रस्त्यावरची बहुतेक संकटे पाठ असतात. खड्डे कुठे आहेत हे त्याला ठाऊक असते. कोणत्या वळणावर गुरे बसकण मारून रवंथ करीत असतात हेही त्याने ध्यानात ठेवलेले असते. पावसाळ्यात कोणता साकव पाण्याखाली जातो याची खबर तर घरची मंडळीच देतात. परंतु गेल्या काही वर्षांत या संकटांत एका नव्या संकटाची भर पडली आहे आणि ते कोणत्या वळणावर भेटेल हे कोणासही सांगता येत नाही. समोरून एक पांढराशुभ्र, किंचित निळसर झोत एकाएकी डोळ्यांवर येतो, क्षणभर रस्ता, कडेचा गडगा, पुढे चाललेला सायकलस्वार, सारे नाहीसे होते आणि झोत निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख उरतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर तोडते. तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर झाले. एवढे अंतर तो मनुष्य आंधळ्यासारखा गाडी हाकीत असतो.

हा झोत पुष्कळदा कंपनीने बसविलेल्या दिव्याचा नसतो. मूळचा हॅलोजन बल्ब काढून त्याच होल्डरात नाक्यावरच्या दुकानातून आणलेला एलईडी बल्ब खोचलेला असतो, किंवा हँडलखाली दोन-चार चौकोनी जादा दिवे टांगलेले असतात. असे करणाऱ्यांस सरसकट उनाड ठरवून मोकळे होण्याचा मोह आम्हांस होत नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील आडरस्त्यांवरून ज्यांस रोज रात्री कामावरून परतावे लागते, त्यांची तक्रार खरी आहे. पथदीपांचे खांब आहेत, परंतु त्यांतील कित्येक दिव्यांस उजेडाचा विसर पडलेला आहे. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ एका पावसाळ्यात पुसून जाते. त्यातच जुन्या दुचाक्यांपैकी कित्येकांचा दिवा बॅटरीवर न चालता थेट इंजिनाच्या विजेवर चालतो, त्यामुळे गिअर बदलताना वा चढावर इंजिन मंदावले की दिवाही निरांजनासारखा मिणमिणू लागतो. अशा माणसास कोणी दोन-चारशे रुपयांत दिवसासारखा उजेड देऊ केला, तर तो घेणारच. प्रश्न त्याच्या गरजेचा नाही. त्याने घेतलेला उजेड नेमका कोठे पडतो आणि त्याबद्दल कायदा काय म्हणतो, हा आहे.

येथे थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल, कारण ते समजल्याखेरीज कायद्याची कलमे निव्वळ जाच वाटतात. दुचाकीचा हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची काच अशी ती तिघांची जोडणी असते. आपल्याकडच्या पुष्कळशा मोटारसायकलींत ‘एचएस-१’ जातीचा ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो, तर बुलेटसारख्या जड गाड्यांत वर्षानुवर्षे ‘एच-४’ जातीचा ६०/५५ वॅटचा बल्ब येत असे. या दोन्ही बल्बांत दोन तारा असतात, एक अपरसाठी आणि एक डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी बसविलेली असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती वाटी अडविते, त्यामुळे आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच उजेड पडतो आणि तेथून तो रस्त्याकडे खाली वळविला जातो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत प्रकाश जाऊ नये याची सारी मदार त्या वाटीवर आणि ती तार नेमकी कोठे आहे यावर असते. तार एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी आरशाचे गणित बिघडते, कारण त्या आरशाचा प्रत्येक बाक त्या एका बिंदूस धरून घडविलेला असतो.

बाजारातल्या एलईडी बल्बात तारही नसते आणि, स्वस्त मालात तर, धड वाटीही नसते. धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंस पिवळ्या टिकल्या चिकटविलेल्या असतात. त्या टिकल्या तारेच्या जागी तंतोतंत येतीलच असे नाही आणि तारेप्रमाणे त्या सर्व बाजूंस सारखा उजेडही फेकीत नाहीत. परिणाम असा होतो की, ‘येथपर्यंत उजेड, येथून वर अंधार’ अशी जी स्पष्ट रेघ हॅलोजनच्या डिपरला भिंतीवर दिसते, ती फिसकटून जाते. उजेड वर उधळतो, झाडांच्या शेंड्यांवर जातो, समोरच्या गाडीच्या काचेत शिरतो. चालविणाऱ्यास मात्र आपल्या चाकापुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळलेले पाहून समाधान वाटते. दूरवरचा रस्ता, जेथे उजेडाची खरी गरज असते, तो पुष्कळदा पूर्वीपेक्षा कमीच दिसतो, कारण जवळच्या प्रखर उजेडास सरावलेले डोळे लांबचे अंधुक टिपू शकत नाहीत. दिवा अधिक झगझगीत झाला याचा अर्थ दृष्टी अधिक लांब पोहोचली असा नव्हे, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. पुष्कळदा त्यालाही ती ठाऊक नसते.

त्यातच आकड्यांचा भूलभुलैया आहे. एचएस-१ बल्बाचा प्रमाणित उजेड डिपरवर ५२५ आणि अपरवर ८२५ ल्युमेन असतो, तर एच-४ चा अनुक्रमे १००० आणि १६५० ल्युमेन. एलईडीच्या खोक्यांवर आठ हजार, बारा हजार असे आकडे बिनदिक्कत छापलेले आढळतात. त्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, आणि ते खरे असते तर परिस्थिती अधिकच भयंकर झाली असती. रंगाचीही गोष्ट अशीच आहे. हॅलोजनचा पिवळसर उजेड सुमारे ३२०० केल्विनचा, तर बाजारी एलईडीचा सहा हजारांच्या पुढचा. निळसर छटेचा प्रखर प्रकाश डोळ्यांस अधिक खुपतो, आणि ज्यांचे वय साठीच्या पुढे गेले आहे किंवा ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे त्यांच्या नेत्रभिंगात तो विखुरतो. दिपलेली नजर पूर्ववत होण्यासही त्यांस तरुणांहून अधिक वेळ लागतो. दशावतारी काला पाहून उत्तररात्री पायी घरी परतणारे पेडण्यातील वृद्ध हे काही मोटारगाडीच्या काचेआड बसलेले नसतात.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा कोणताही बदल मालकास वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचले. उत्पादकाने ज्या स्वरूपात वाहनास मंजुरी मिळविली त्या मूळ स्वरूपाशी विसंगत असे फेरफार करता येणार नाहीत आणि नियमांचा आधार घेऊनही कायद्याचे हे बंधन सैल करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तेव्हापासून ‘गाडीत काही म्हणता काहीच बदलता येत नाही’ असा एक समज पसरला आहे, आणि दुसऱ्या टोकास ‘बल्ब बदलणे म्हणजे काही गाडी बदलणे नव्हे’ असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे.

दुसऱ्या पंथाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फरक, की ज्यायोगे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, अशी व्याख्या दिलेली आहे. आर.सी. बुकात बल्बाची जात लिहिलेली नसते. इंजिन, सांगाडा, आसनसंख्या, इंधन यांच्या पंगतीस बिचारा बल्ब बसविणे कोणाही वकिलास जड जाईल. पण म्हणून तो सुटला असे नव्हे. कलम ५२ हा या प्रकरणातील एकुलता एक दरवाजा नाही. मालक त्या दरवाजातून बाहेर पडला तरी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या अंगणातच येऊन उभा राहतो.

त्या नियमांपैकी १०६ वा नियम आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म आहे, आणि तो जितका कमी वाचला जातो तितकाच तो शहाणपणाचा आहे. पुढे उजेड टाकणारा दिवा असा घडविलेला, बसविलेला आणि राखलेला असावा की, त्याचा झोत कायमचा खाली वळलेला राहील. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत असा मनुष्य त्या झोताने दिपता कामा नये. नियम करणाऱ्याने येथे एक काल्पनिक माणूस रस्त्यावर उभा केला आहे आणि त्याचे डोळे हे माप ठरविले आहे. दिवा हॅलोजनचा की एलईडीचा, याची त्या माणसास फिकीर नाही. एलईडी निषिद्ध आहे असे कायदा कोठेही म्हणत नाही. कित्येक नव्या दुचाक्या कारखान्यातूनच एलईडी दिवे घेऊन बाहेर पडतात, आणि रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारख्या जुन्या वळणाच्या गाडीसही २०२४ साली कंपनीने एलईडी हेडलाइट दिला. फरक इतकाच की त्या दिव्याचा आरसा एलईडीसाठी घडविलेला असतो आणि तो संपूर्ण दिवा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणीत उतरलेला असतो. घटकभागांनी ठरीव मानकांत बसलेच पाहिजे हे सांगणारा नियम १२४ आहे. दुचाकीवरील दिव्यांच्या मांडणीसाठी ‘एआयएस-००९’ हे स्वतंत्र मानक आहे. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी बल्ब खोचला की ती मंजुरी त्या दिव्यापुरती निरर्थक ठरते, मग बल्ब कितीही महागाचा असो.

याच्या उलट बाजूसही नियम आहे, तो विसरू नये. नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा, पुढे १५५ मीटरपर्यंत माणसे व वाहने स्पष्ट दिसतील असे दिवे वाहनास असले पाहिजेत. मिणमिणता दिवा घेऊन जाणारा मनुष्यही कायद्याच्या दृष्टीने निर्दोष नाही. जादा दिव्यांपैकी धुक्याच्या दिव्यांस मानकात जागा आहे, परंतु स्पॉटलाइट वा सर्चलाइट पुढे लावण्यास नियम १११ ने बंदी केली आहे, अपवाद फक्त विशेष परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा. समोर लाल दिवा दाखविणे नियम १०८ प्रमाणे निषिद्ध आहे. चतुर्थीच्या माटोळीसारखे रंगीबेरंगी लुकलुकणारे दिवे चाकांत आणि नंबरपाटीभोवती लावून हिंडणाऱ्यांनी हे नियम कोणाकडून तरी एकदा वाचून घ्यावेत.

शिक्षेचा भाग २०१९ च्या दुरुस्तीने बराच जड केला. त्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या उपकलमात, कायद्याने परवानगी नसलेल्या रीतीने सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलापोटी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. ‘प्रत्येक बदलापोटी’ हे शब्द नीट वाचावेत. बल्ब एक, जादा दिवे दुसरे, असा हिशेब होऊ शकतो. याखेरीज रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविल्याबद्दल कलम १९०(२) आहे. त्यात पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता, असे त्या दुरुस्तीने ठरविले. गोव्यात हे वाढीव दंड २०२२ च्या एप्रिलपासून अमलात आले. रस्त्यावर तडजोडीने भरावयाची रक्कम राज्य शासन अधिसूचनेने ठरविते, त्यामुळे हातात पडणाऱ्या तालांवावरचा आकडा आणि कायद्यातला कमाल आकडा एकच असेल असे नाही. तालांव भरला म्हणजे बदल कायदेशीर झाला, असा जो एक समज आहे तो मात्र साफ चुकीचा आहे. तोच दिवा घेऊन पुढच्या चौकात गेल्यास पुन्हा तालांव मिळू शकतो.

पण पाच हजारांचा दंड ही या प्रकरणातील सर्वांत लहान जोखीम आहे, असे आम्हांस वाटते. मोठी जोखीम अपघातानंतरची आहे. विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्या माणसास झालेल्या इजेच्या भरपाईचा जो भाग कायद्याने सक्तीचा केला आहे, त्यात जखमी माणसास बहुधा वाऱ्यावर सोडले जात नाही, कारण विमा कंपनीने कोणत्या कारणांनी हात झटकावेत याची यादी कायद्यातच मर्यादित आहे. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग हा करार आहे. न कळविलेले वायरिंग, न कळविलेले विजेचे भाग आणि त्यांतून लागलेली आग, असे प्रकरण आले की सर्वेक्षकाचा पहिला प्रश्न वायर कोणी कापली हाच असतो. जुन्या दुचाकीचा इंजिनाच्या विजेवर चालणारा दिवा एलईडीसाठी बॅटरीवर आणताना मेस्त्री मूळ वायरिंग कापतो, जोडावर चिकटपट्टी गुंडाळतो, फ्यूज घालण्याचे पुष्कळदा विसरतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर हमीचाही तेथेच निकाल लागू शकतो. कंपनीच्या यादीबाहेरचे विजेचे भाग विमापत्रात नोंदवून त्यांच्या किमतीवर थोडा जादा हप्ता भरण्याची सोय आहे, पण तिचा लाभ कायदेशीर भागांसच घ्यावा. बेकायदा दिव्याची नोंद करून घेण्यास जाणे म्हणजे चोराने पंचनाम्यास साक्षीदार आणण्यासारखे होय.

आणि दुर्दैवाने कोणी दगावलाच तर प्रश्न विम्याच्याही पलीकडे जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालविण्यासाठी कलम २८१ आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्यासाठी कलम १०६ आहे. दुसऱ्या कलमात पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दोन गाड्या समोरासमोर धडकल्यावर कोणाचा वेग किती होता हे सांगणारे साक्षीदार भेटतीलच असे नाही. मंजुरी नसलेला बल्ब मात्र फुटलेल्या हेडलाइटमध्ये तसाच राहतो आणि पंचनाम्यात उतरतो. भरपाईच्या लवादापुढे दोष वाटून देताना तो कोणत्या पारड्यात पडेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

एवढे सारे सांगून झाल्यावर आम्हांस जे खुपते ते बोलणे भाग आहे. या साऱ्या यंत्रणेत पकडला जातो तो शेवटचा माणूस, म्हणजे गाडी चालविणारा. त्याला तो बल्ब विकणारे दुकान भर बाजारात, दिवसाढवळ्या, पाटी लावून उघडे असते. बल्बाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘रस्त्यावरील वापरासाठी नव्हे’ अशी सूचना छापून उत्पादक आपले हात धुऊन घेतो. २०१९ च्याच दुरुस्तीत, केंद्र शासनाने सुरक्षेच्या दृष्टीने कळीचा म्हणून अधिसूचित केलेला घटक मानकात न बसताही विकल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड, अशी जबर तरतूद आहे. नाक्यावरचा शिपाई बल्ब काढावयास लावतो आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकास दुसरा विकतो, असे चित्र असेल तर ही तरतूद कोणासाठी आहे, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारल्यास त्याचे काय चुकले?

दुसरी गोष्ट तपासणीची. नाकाबंदी बहुधा दिवसा होते. तीत हेल्मेट आणि कागदपत्रे पाहिली जातात. दिवा दिपवितो की नाही हे दिवसा कसे कळणार? नियम १०६ मध्ये आठ मीटर, अर्धा मीटर, दीड मीटर अशी मापे दिली आहेत, पण रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात सहसा ना टेप असते ना प्रकाशमापक. मग ‘पांढरा दिसला म्हणून धरला’ अशी कारवाई होते आणि कारखान्यातूनच एलईडी घेऊन आलेल्या नव्या गाडीचा मालक हुज्जत घालीत बसतो. पायलटांच्या पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली आणि पर्यटकांस भाड्याने दिल्या जाणाऱ्या काळ्या पाटीच्या स्कूटरी यांस व्यवसायाची वाहने म्हणून ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. निदान तेथे तरी कोणी दिव्याकडे पाहत असेल अशी आशा करू या. खासगी दुचाकीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. या पंधरा वर्षांत तिच्या धुराची तपासणी वारंवार होते, दिव्याच्या झोताची एकदाही होत नाही. धूर तपासणाऱ्या केंद्रात भिंतीवर एक रेघ आणि जमिनीवर एक खूण, एवढ्या खर्चात झोताची प्राथमिक तपासणी होऊ शकेल. वाहतूक खात्याने ही सूचना मनावर घ्यावी. तिला विधानसभेच्या अधिवेशनाचीही गरज नाही.

जी बंधने आहेत ती शहाणपणाची आहेत, पण ती कायम तशीच राहावीत असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीसारख्या, वाहनांच्या फेरफारांबाबत अत्यंत कडक असलेल्या देशात २०२० साली हॅलोजनच्या दिव्यात बसविण्याजोग्या एका एलईडी बल्बास प्रथमच मंजुरी मिळाली. ती मोकाट मंजुरी नव्हती. कोणत्या कंपनीच्या कोणत्या नमुन्याच्या गाडीत, कोणत्या दिव्यात तो बल्ब चालेल याची यादी आहे, आणि त्या यादीत आपली गाडी असेल तरच तो बसवावयाचा. पुढे मोटारसायकलींचाही त्या यादीत समावेश झाला. प्रत्येक दिव्यात तो बल्ब प्रत्यक्ष लावून, झोत मोजून मगच हो म्हणायचे, अशी ही रीत आहे. आपल्या कायद्यातही केंद्र शासनाने विनिर्देश ठरवून दिल्यास अशा बदलांस वाट देण्याची सोय कलम ५२ मध्ये आहे आणि तशा मंजूर बदलामुळे उत्पादकाची हमी रद्द समजू नये असेही तेथे म्हटले आहे. मोटारींत गॅसचा संच बसविण्यास अशी वाट मिळाली. ज्या देशात कोट्यवधी दुचाक्या रात्री रस्त्यावर असतात, तेथे दिव्यांच्या बाबतीत ती का मिळू नये, याचे उत्तर दिल्लीने द्यावे.

तोपर्यंत ज्यांस रात्री रस्ता दिसत नाही त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, दोष बल्बाचाच आहे असे धरून चालू नये. हॅलोजन बल्बास मिळणारा दाब दहा टक्क्यांनी घटला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, इतका तो नाजूक असतो. गंजलेले जोड, थकलेली बॅटरी, वितळलेला होल्डर हे उजेड गिळून बसलेले असतात. खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेला रिफ्लेक्टर आणि उन्हाने पिवळी पडलेली पुढची काच बदलल्यास तोच जुना बल्ब नव्यासारखा वाटतो. हेल्मेटच्या काचेवरचे ओरखडेही तितकेच दोषी असतात. ज्यांस एलईडीच हवा त्यांनी, आपल्याच नमुन्याच्या गाडीची एलईडीवाली आवृत्ती कंपनी विकत असेल तर तिचा संपूर्ण हेडलाइट बसविणे शक्य आहे काय याची अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी, उत्तर लेखी घ्यावे, आणि शंका राहिल्यास वाहतूक खात्याच्या कार्यालयातही विचारावे. शंभर वॅटचा हॅलोजन बल्ब हा त्यावरचा उपाय नव्हे. ते पाप जुने असले तरी पापच आहे, आणि त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो तो निराळा.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे दिवे इंजिन सुरू होताच आपोआप लागतात आणि ते बंद करण्याची कळ गाडीवर नसते. त्यामुळे चुकीचा बल्ब बसविलेली नवी गाडी दिवसाही समोरच्याच्या डोळ्यांत झोत फेकीत जाते आणि चालविणाऱ्याची इच्छा असूनही ते थांबत नाही. त्याच्या हातात फक्त अपर आणि डिपर राहतो. तो डिपरही आपण वापरतो किती, हा प्रश्न आहेच. मोटार वाहन चालन विनियम २०१७ मध्ये समोरून वाहन येत असता वा दुसऱ्याच्या मागून जाताना अपरवर गाडी चालवू नये असा दंडक आहे, आणि मांडवीच्या पुलावर कोणत्याही रात्री पाच मिनिटे उभे राहिल्यास त्याची काय किंमत राखली जाते हे कळून येते.

झोत सरळ आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. सपाट अंगणात भिंतीपासून दहा मीटरांवर गाडी उभी करावी, स्टँडवर नव्हे, कोणीतरी वर बसून. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ ओढावी. डिपरचा उजेड त्या रेघेच्या पाच ते पंचवीस सेंटिमीटर खाली तुटला पाहिजे. मग मागे दुसऱ्या माणसास बसवून पुन्हा पाहावे, कारण मागचे चाक दबले की दिव्याचे तोंड वर होते. पायलटाच्या गाडीवर तर मागे कोणी ना कोणी नेहमीच बसलेले असते. हेडलाइटच्या बुडाशी किंवा मागे एक स्क्रू असतो. तो किंचित फिरविला की झोत खाली येतो. मेस्त्री या कामाचे पैसे बहुधा मागत नाही. रेघेच्या वर उजेडाची स्पष्ट कड दिसत नसेल, नुसता धुरकट पांढरा फुगा भिंतभर पसरलेला असेल, तर स्क्रू फिरवून काही होणार नाही. तो बल्ब त्या दिव्याचा नाही आणि तो काढून ठेवलेला बरा.